लढाई जिंकली कुणी, मत दिलं कुणी (ब्रेक्झिट, पोलंड वगैरे)

रुईस्लिपकर (धागाकर्ता)

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

गाडीतल्या रेडिओवर एक वाक्य माझ्या इतकं कानावरून गेलंय की झोपेतही म्हणून दाखवीन: 'ए-फोर्टीवर (लंडनबाहेर जाणारा हमरस्ता) पोलिश वॉर मेमोरियलपाशी वाहनांची रांग.' पुण्यातल्या माणसाला राजाराम पूल म्हटल्यावर जे होतं तेच पश्चिम लंडनमधल्या माणसाला हे नाव ऐकून होतं. स्मारक बिमारक काही डोळ्यांसमोर येत नाही, फक्त ब्रेक लाइट दिसतात. मी २०१३ पासून इथे आहे, पण गाडी बाजूला लावून ते स्मारक कधी पाहिलं नव्हतं. गेल्या रविवारी ऑफिसातल्या एका पोलिश मित्राबरोबर गेलो. दगडी खांब, वर पंख पसरलेला गरुड आणि खाली नावंच नावं. ती मला वाचता येईनात. तो एकेक उच्चारून दाखवत होता आणि मागे ट्रक धडाडत होते.

परत येताना विषय निघाला २०१६ च्या सार्वमताचा, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं (ब्रेक्झिट) त्याचा. तो इथे २००५ साली आला. कर भरतो, मुलं इथल्याच शाळेत. त्याचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात पोलिश जनरल आंदेर्सच्या सैन्यातून इटलीत ब्रिटिशांच्या खांद्याला खांदा लावून लढलेले. २३ जून २०१६ ला त्याला मत नव्हतं. मी इथे येऊन जेमतेम तीन वर्षं झालेली, खिशात भारताचा पासपोर्ट, आणि मला मत होतं! कारण नियम असा: ब्रिटिश, आयरिश आणि इथे राहणारे राष्ट्रकुलातले नागरिक मत देणार. युरोपीय संघातल्यांपैकी आयरिश, माल्टीज आणि सायप्रसवाले तेवढे बसले. पोलिश, फ्रेंच, इटालियन बाहेर.

आणि प्रचार कसला चालला होता? १९४० साली आम्ही एकटे उभे राहिलो. आम्हीच युरोपला वाचवलं. त्या स्मारकावरची नावं वाचल्यापासून मला हा 'एकटे' शब्द गिळता येत नाहीये. ज्यांच्या जिवावर देशाचा अभिमान उभा राहतो त्यांची नावं पुढे कुठे जातात, यावर तुमचं काय म्हणणं?

---

वाचनवेडी

छान विषय. प्रतिसादांच्या प्रतीक्षेत, खुर्ची पकडून बसले आहे.

---

रंकाळा_वेस

भावा, पोलंडचं नाव काढलंस आणि कोल्हापूरकर गप बसंल व्हय?

वळिवडे. कोल्हापूरपासनं हाकेच्या अंतरावर. १९४३ ते १९४८ तिथं पाचेक हजार पोलिश माणसं राहात हुती. बहुतेक बायका, पोरं, म्हातारी. स्टॅलिननं सायबेरियाला हाकललेली माणसं, इराणमार्गे हिंदुस्थानात आलेली. छावणीत शाळा, चर्च, दवाखाना, सगळं. आणि त्यांचे नवरे, भाऊ, बाप कुठं? तुझ्या मित्राचे आजोबा जिथं हुते तिथंच, इटलीत लढायला.

आमची पणजी छावणीत दूध घालायला जायची. तिला पोलिश भाषेतला एकच शब्द येत हुता, 'म्लेको' म्हंजे दूध. हिशेब बोटांवर. छावणी उठल्यावर तिथं फाळणीत आलेली सिंधी मंडळी वसली. आजचं गांधीनगर ते. आज लोक तिथं होलसेल कापड घ्यायला जातात आणि कुणाला पत्ताबी नसतो की या जागेवर एकदा अख्खं पोलिश गाव हुतं.

महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ हाय. म्हंजे बघ, तुमच्याकडं स्मारकाचा ट्रॅफिक जाम झाला आणि आमच्याकडं मॉर्निंग वॉक.

---

लेस्टरचा_लक्ष्मण

धागाकर्त्याच्या भावना समजल्या, पण जरा अती होतंय.

मी लीव्हला, म्हणजे बाहेर पडायला, मत दिलं. उघड सांगतो. आणि मतपत्रिकेवर शिक्का मारताना (इथे शिक्का नसतो, दोरीला बांधलेली पेन्सिल असते, तो वेगळा विनोद) माझ्या डोक्यात चर्चिल नव्हता की स्पिटफायर (महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान) नव्हतं. माझ्या मेव्हण्याचा व्हिसा दोनदा नाकारला होता. हॉटेलचा कसलेला आचारी. त्याच वेळी रुमानियातून कुणीही उठावं आणि यावं. इथल्या करी-हाउसवाल्यांना सांगितलं गेलं की युरोपचं दार लागलं की तुमचं उघडेल. आम्ही भोळेपणाने मानलं. दार उघडलं का? तो भाग वेगळा.

दुसरं, आपले कायदे आपल्या संसदेत व्हावेत असं वाटण्यात गैर काय आहे? याला लगेच 'अहंकार' म्हणायचं? उद्या दिल्लीचे कायदे सिंगापुरात व्हायला लागले तर हीच मंडळी तलवार काढतील. ५१.९ टक्के लोक काही एका स्वप्नात नव्हते.

---

रुईस्लिपकर

@लक्ष्मणभाऊ, सगळे स्वप्नात होते असं मी म्हणत नाही. आमच्या हिलिंग्डन बरोनेही लीव्हलाच कौल दिला. शेजारी भली माणसं आहेत. मला एवढंच खुपतं की प्रचारात युद्ध ओढलं कुणी? मे २०१६ मध्ये बोरिस जॉन्सननी मुलाखतीत सांगितलं की नेपोलियन, हिटलर यांनी युरोप एक करायचा प्रयत्न केला, युरोपीय संघाचा प्रयत्नही तोच, फक्त मार्ग निराळा. ते काही रेल्वेच्या डब्यातलं बोलणं नव्हतं ना.

---

जुनी_पानं

थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर खाली सरका.

'एकटे' हा शब्द १९४० च्या उन्हाळ्यालाही नीट लागू होत नाही. ब्रिटनची लढाई, म्हणजे जर्मन हवाई दलाशी झालेली हवाई लढाई, १० जुलै ते ३१ ऑक्टोबर १९४० अशी मोजतात. त्यात सुमारे २९०० वैमानिक आणि विमान-कर्मचारी लढले, त्यांतले जवळपास सहाशे ब्रिटनबाहेरचे. पोलिश १४५, न्यूझीलंडचे, कॅनडाचे, चेकोस्लोव्हाकियाचे, बेल्जियन. धागाकर्ते राहतात तिथल्याच नॉर्थोल्टच्या तळावरून ३०३ क्रमांकाचं पोलिश स्क्वाड्रन (लढाऊ विमानांची तुकडी) उडायचं. ऑगस्टच्या अखेरीस लढाईत उतरलं आणि सहा आठवड्यांत १२६ विमानं पाडल्याचा दावा केला. नंतर कागद ताडून पाहणाऱ्यांनी आकडा खाली आणला (सगळ्याच स्क्वाड्रनांचा आणला), तरी ते अव्वल मोजक्या स्क्वाड्रनांत राहिलंच. ब्रिटिश हवाई दलाच्या फायटर कमांडचा (लढाऊ विमानांच्या विभागाचा) प्रमुख डाउडिंग याने पुढे लिहून ठेवलं की पोलिश तुकड्या नसत्या तर निकाल हाच लागला असता असं म्हणायला आपली जीभ अडखळते.

आता खरी गंमत. २००९ ची युरोपीय संसदेची निवडणूक. ब्रिटिश नॅशनल पार्टी, म्हणजे परदेशी लोकांना हाकला म्हणणारा पक्ष, याने पोस्टरवर स्पिटफायर छापलं आणि वर 'ब्रिटनसाठी लढाई'. जाणकारांनी शेपटाजवळची अक्षरं वाचली: आरएफ-डी. आरएफ हे ३०३ स्क्वाड्रनचं चिन्ह! पोलिश लोकांना हाकला म्हणणाऱ्या पोस्टरवर पोलिश वैमानिकाचं विमान. त्या निवडणुकीत त्यांच्या दोन जागा आल्या, हेही नमूद करतो.

एनिग्माचंही (जर्मनांचं गुप्त संदेश लिहायचं यंत्र) तेच. रेयेव्स्की या पोलिश गणितज्ञाने १९३२ च्या डिसेंबरात त्या यंत्राचं कोडं फोडलं होतं. जुलै १९३९ मध्ये, युद्धाला पाचसहा आठवडे उरले असताना, वॉर्सोजवळ पिरीच्या जंगलात पोलिश लोकांनी ब्रिटिश आणि फ्रेंच अधिकाऱ्यांना बोलावून आपली सगळी विद्या त्यांच्या हातात ठेवली. ब्लेचली पार्कमधल्या (ब्रिटिशांचं गुप्तसंदेश फोडण्याचं केंद्र) लोकांचं काम अफाट आहेच, पण त्यांनी शून्यापासून सुरुवात केली नाही.

आणि ८ जून १९४६. लंडनमधला विजय-संचलनाचा दिवस. ब्रिटनने तोवर वॉर्सोतल्या कम्युनिस्ट सरकारला मान्यता दिलेली. निमंत्रण त्या सरकारला गेलं, त्याने माणसं पाठवली नाहीत. ब्रिटनच्या बाजूने लढलेल्या पोलिश सैन्यापैकी फक्त पंचवीस वैमानिकांना बोलावलं, रॉयल एअर फोर्सबरोबर चालायला. पायदळ, नौदल नाही तर आम्हीही नाही, म्हणून त्यांनी नकार दिला. इटलीतल्या मॉन्टे कॅसिनोच्या मठावर १८ मे १९४४ ला ज्या पोलिश सैनिकांनी झेंडा लावला ते रस्त्याच्या कडेलाही नव्हते.

---

खवट_मावशी

जुनी_पानं, लेख उत्तम, पण पोलंडला एकदम देव्हाऱ्यात बसवू नका. १९३८ मध्ये म्युनिक करारानंतर हिटलरने चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडला तेव्हा तेशेनच्या भागावर हात मारणारे कोण? हेच. शेजाऱ्याच्या घराला आग लागलेली असताना यांनी कुंपण सरकवून घेतलं.

---

जुनी_पानं

मावशी, शंभर टक्के मान्य. आणि तुमच्या मुद्द्याला पुढची फोडणी घ्या: ज्या ३०३ पोलिश स्क्वाड्रनचं मी एवढं कौतुक केलं, त्यात सर्वांत जास्त विमानं पाडली ती योसेफ फ्रांतिशेक याने, सतरा. तो होता चेक. तेशेन बळकावून दोन वर्षंही झाली नव्हती आणि हा पोलिश स्क्वाड्रनात उडत होता. रांगेत राहायचा नाही, एकटाच शिकारीला जायचा, म्हणून वरिष्ठांनी त्याला 'स्क्वाड्रनचा पाहुणा' ठरवून मोकळं सोडलं होतं. ८ ऑक्टोबर १९४० ला विमान कोसळून गेला. नॉर्थवुडच्या दफनभूमीत आहे, रुईस्लिपकरांच्या घरापासून जवळच. त्याचे सतरा बळी चेकांनी मोजायचे, पोलिशांनी की इंग्रजांनी, यावरून भांडणं आहेतच.

---

वाचनवेडी

'स्क्वाड्रनचा पाहुणा'! काय शब्द आहे.

---

सुभेदार_आजोबा

मी सहसा लिहीत नाही, नातू टाइप करून देतो आहे.

तुम्ही पोलंडचं सांगता, आपलं कोण सांगणार? दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानी फौज पंचवीस लाखांची झाली, सगळे स्वखुशीने भरती झालेले. सत्याऐंशी हजार परत आले नाहीत. मी मराठा लाइट इन्फन्ट्रीचा. आमच्याकडे रिक्रूटला पहिल्यांदा नाव शिकवतात ते नाईक यशवंत घाडगे. माणगाव तालुक्यातला पोरगा, वय बावीस. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. मशीनगनच्या माऱ्यात सेक्शनमधला एकही धड उरला नाही. हा एकटा धावत गेला. ग्रेनेड टाकला, टॉमीगनने एक टिपला, मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून बंदूक उलटी धरून बाकीच्या दोघांना लोळवलं. मग त्याला स्नायपरने टिपलं. देह मिळाला नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. व्हिक्टोरिया क्रॉस त्याच्या बायकोने घेतला.

दुसरा आमचा नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातला. ९ एप्रिल १९४५, सेनियो नदी. त्यालाही व्हिक्टोरिया क्रॉस, तो जिवंत परतला.

सातारा भागात गावोगावी चावडीच्या भिंतीत पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी असते. या गावातून इतके गेले, त्यातले इतके कामी आले. आकडे आहेत, नावं नाहीत. आमच्या गावच्या पाटीला तर कुणीतरी वायर अडकवायला खिळा ठोकलाय.

त्या सत्याऐंशी हजारांना कुणी मत विचारलं होतं का? १९३९ साली व्हाइसरॉयने आपल्या पुढाऱ्यांना न विचारता हिंदुस्थान युद्धात ढकलला.

---

रुईस्लिपकर

आजोबा, दंडवत. नातवालाही शाबासकी.

---

लेस्टरचा_लक्ष्मण

आजोबांना सलाम. पण मग यातून एक गोष्ट निघते ती कुणी बोलत नाहीये. भारतीय पासपोर्टवाल्याला २०१६ साली मत मिळालं ते साम्राज्याच्या जुन्या नात्यापायी. म्हणजे रुईस्लिपकरांचं मत हे एका अर्थी घाडग्यांच्या खात्यावरचं व्याज! मग ते मिळालं यात चूक काय?

---

जुनी_पानं

व्याज म्हणायला छान आहे, पण नियमाचा युद्धाशी संबंध नाही. राष्ट्रकुलातल्यांना मत हा साम्राज्याच्या 'ब्रिटिश प्रजा' या कल्पनेचा उरलेला शेपटा आहे. युद्धात तटस्थ राहिलेल्या आयर्लंडच्या नागरिकालाही मत होतंच की.

बाकी एक गंमत सांगतो, पोलंडनेही युरोपीय संघात जाण्यावर सार्वमत घेतलं होतं. २००३ साली, ७ आणि ८ जूनला. ७७ टक्क्यांहून जास्त लोकांनी हो म्हटलं. तारीख बघा. ज्या ८ जूनला लंडनने त्यांना संचलनात घेतलं नाही, त्याच ८ जूनला सत्तावन्न वर्षांनी त्यांनी ब्रिटन ज्या संघात होता त्यात यायचा कौल दिला.

---

खवट_मावशी

तारखांचे योग जुळवायला लागलात की मला पंचांगवाले गुरुजी आठवतात.

---

जुनी_पानं

:) मान्य, तेवढं मागे घेतो.

---

मांडवीकाठ

मत कुणाला असावं यावर गोंयकाराला दोन शब्द बोलू द्या.

१६ जानेवारी १९६७, गोव्याचा जनमत कौल. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. विलीनीकरणाला फूल, वेगळं राहायला दोन पानं. दोन पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१. पण त्याआधीचा वाद आज कुणाला आठवत नाही: मुंबईत राहणाऱ्या गोंयकारांना मत द्यायचं की नाही. वेगळं राहू म्हणणारे हो म्हणत होते, शेवटी दिलं नाही. माझे आजोबा मुंबईत धोबीतलावच्या कुडात (गोंयकारांच्या सामायिक बिऱ्हाडात) राहायचे, जहाजावर काम. कौलाच्या दिवशी मुंबईतच होते. गावावरून भांडण लागलेलं आणि गावाच्या माणसाला मत नाही. मरेपर्यंत ते पुटपुटायचे.

म्हणून म्हणतो, एकत्र यायचं की नाही या मतदानात अर्धी लढाई मतदारयादीतच होऊन जाते.

---

रंकाळा_वेस

आयला, हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलंच न्हाई. आम्हाला एवढंच की गोवा यायला पायजे हुता आणि आला न्हाई.

---

मांडवीकाठ

यायला पाहिजे होता हे कोल्हापूरकरांचं मत. फुलाला मत देणारे गोंयकारही कमी नव्हते, माझी आजी त्यातलीच. घरात दोन पक्ष, जेवण एक. भाऊसाहेब बांदोडकर फुलाच्या बाजूचे, कौल निष्पक्ष व्हावा म्हणून आधी राजीनामा दिला, हरले, आणि पुढच्या काही महिन्यांत निवडणूक जिंकून पुन्हा मुख्यमंत्री झाले.

---

संपादक मंडळ

गोव्याच्या विलीनीकरणावर वेगळा धागा काढावा. या विषयावरच्या मागच्या चर्चेत काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे.

---

नर्मदेहर

उशिरा आलो. एक प्रसंग कुणी सांगितला नाही याचं आश्चर्य वाटतं.

१६ जून १९४०. पॅरिस पडलेलं, फ्रेंच सरकार बोर्दोला पळालेलं. त्या दिवशी चर्चिलच्या मंत्रिमंडळाने फ्रान्सपुढे प्रस्ताव ठेवला: दोन्ही देशांचं एकच राष्ट्र करू. प्रत्येक फ्रेंच माणूस तत्काळ ब्रिटनचा नागरिक, प्रत्येक ब्रिटिश फ्रान्सचा. लष्कर एक, संसदा जोडायच्या. मसुद्यामागे होता फ्रेंच अधिकारी जाँ मोने, आणि लंडनहून फोनवर तो मसुदा फ्रेंच पंतप्रधान रेनोला वाचून दाखवला खुद्द फ्रेंच जनरल द गॉलने. रेनो खूश. फ्रेंच मंत्रिमंडळात मात्र मार्शल पेताँसारख्यांनी उडवून लावलं. प्रेताशी लग्न कशाला लावता, असा सूर. म्हणजे ब्रिटन हेच प्रेत! त्या रात्री रेनोने राजीनामा दिला, पेताँ आला, शरणागती.

आता पुढचं पाहा. तोच मोने युद्धानंतर युरोपच्या कोळसा-पोलाद संघाचा शिल्पकार झाला, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या पायाचा. ज्या द गॉलने फोनवर एकीकरण वाचून दाखवलं त्यानेच १९६३ आणि १९६७ साली ब्रिटनचा प्रवेश अडवला. लंडनमधल्या त्या जवळपास तीन वर्षांत मिळालेला पाहुणचार आणि गिळलेले अपमान, दोन्ही त्याच्या पक्के लक्षात होते असं माझं मत. मित्राने केलेले उपकार शत्रूच्या घावापेक्षा जास्त काळ ठसठसतात.

अजून एक. १९७५ च्या सार्वमतात ब्रिटनमध्ये ६७ टक्के लोकांनी राहू म्हटलं होतं. तेव्हा युद्ध लढलेली पिढी पन्नाशी-साठीत होती. ब्रिटनला आत नेणारा पंतप्रधान हीथ महायुद्धात फ्रान्सच्या नॉर्मंडीत तोफखान्यात होता. २०१६ साली पंचाहत्तरीत असलेला माणूस जन्मला १९४१ मध्ये. त्याने युद्ध पाहिलं ते रविवार दुपारच्या सिनेमांत.

---

खवट_मावशी

शेवटचा परिच्छेद चटकदार, पण कच्चा. बाहेर राहू म्हणणारा ब्रिटिश राजकारणी ईनॉक पॉवेल युद्धात ब्रिगेडियरच्या हुद्द्यापर्यंत गेला होता, दुसरा पुढारी टोनी बेन हवाई दलात वैमानिक होता. दोघेही १९७५ साली युरोपच्या विरोधात. युद्ध लढलं की माणूस एकाच निष्कर्षाला येतो असं नाही.

---

नर्मदेहर

बरोबर. कच्चा आहे. तरी काढून टाकवत नाही.

---

लेस्टरचा_लक्ष्मण

सगळं वाचलं. धागाकर्त्याला एकच प्रश्न, सुरुवातीपासून टाळतोय. तुम्हाला मत होतं म्हणालात. दिलंत कुणाला?

---

वाचनवेडी

मीही तेच विचारणार होते.

---

रुईस्लिपकर

विचारलंतच. कुणालाच नाही.

त्या दिवशी लंडनला पावसाने झोडपलं होतं. मी सरबिटनला क्लायंटकडे. संध्याकाळी वॉटरलूच्या गाड्या कोलमडल्या. प्लॅटफॉर्मवर दोन तास उभा, मोबाइलची बॅटरी संपली, बूट ओले. घरी पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते आणि मतदान दहाला बंद. खरं सांगायचं तर सकाळी जाता आलं असतं. केंद्र सातला उघडतं, घरासमोरच्या शाळेत. पण मला वाटलं, राहणारच आहेत, माझ्या एका मताने काय होतंय. शेवटी डाळ-भात खाऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तो कॉफी मशिनपाशी भेटला. मत दिलंस का, हे त्याने विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही. परवा स्मारकापाशी मीच सांगायला तोंड उघडलं, तर तो 'थांब' म्हणाला आणि भिंतीवरचं एक नाव पुन्हा वाचायला लागला, मला उच्चार जमला नव्हता म्हणून.

---

रंकाळा_वेस

उद्या सकाळी महावीर उद्यानात जाऊन त्या खांबाचा फोटो टाकतो. तुझ्या मित्राला दाखव.

आणि पावसाचं काय सांगतो राव, हितं पंचगंगेला पूर आला तरी माणसं मताला जात्यात.